तीन नंबरची प्रेस सवडीने पाहावी

आमच्या घरात माझ्या जिभेला हाड नाही अशी ख्याती आहे. नवरा म्हणतो, हिच्याशी भांडायचं असेल तर माणसाने आधी नाश्ता करून घ्यावा. भाजीवाला, सोसायटीचा सेक्रेटरी, सख्खी नणंद, मी कोणाची भीड ठेवलेली नाही. आणि हीच मी डोंबिवलीहून निघून वागळे इस्टेटमधल्या कंपनीचा जिना चढले की तोंडातून नुसता गूळ गळायचा. "सर, वेळ असेल तर...", "गैर मानू नका, पण...", "जमलंच तर बघा हं." घरच्या कोणी ऐकलं असतं तर हिला ताप आलाय म्हणून कपाळाला हात लावून पाहिला असता.

हे काही जन्मजात नव्हतं. मार खाऊन शिकलेले मी. आधी डोंबिवलीतच एमआयडीसीत एका छोट्या कंपनीच्या ऑफिसात होते. तिथे बायकांच्या टॉयलेटला कडी नव्हती. तीन महिने सांगून झालं, मग एके दिवशी मी सरळ मालकांना लिहिलं, "पाच वेळा सांगितलंय. कडी लावायला काय मुहूर्त बघताय का?" कडी दुसऱ्या दिवशी लागली आणि महिनाअखेरीला मला सांगितलं, मॅडम, पुढच्या महिन्यापासून तुमची गरज नाही. तेव्हा कानाला खडा लावला. नोकरीत बोलायचं तर साखर पेरूनच बोलायचं.

वागळेच्या ह्या कंपनीत इलेक्ट्रिकच्या पॅनेलला लागणारे पत्र्याचे भाग बनतात. खाली शॉपमध्ये आठ पॉवर प्रेस, वर गॅलरीच्या टोकाला ऑफिस, आणि ऑफिसच्या पहिल्याच खिडकीत मी. खालचं कोणाचंही म्हणणं वर साहेबांपर्यंत जायचं ते माझ्या खिडकीतून. मशीन बिघडलं की ऑपरेटर यायचा, तोंडी सांगायचा, मी स्लिप भरायचे, तिचा फोटो काढून कंपनीच्या ग्रुपवर टाकायचे आणि स्लिप फाइलला लावायचे. साहेबांनी होकार दिला की मेंटेनन्सवाला हलायचा. खालच्यांनी ग्रुपवर परस्पर लिहायचं नाही असा रिवाज. त्यांना लिहिता येत नव्हतं असं नाही हं. पण त्यांनी लिहिलं की ते भांडण वाटायचं आणि मी लिहिलं की ती विनंती वाटायची, असं साहेबच कौतुकाने म्हणायचे. आणि मला ते आवडायचं. का खोटं बोलू?

नोकरीला लागल्यावर दुसऱ्याच महिन्यात साहेबांनी मला एक गोष्ट समजावलेली. "मॅडम, स्लिपवर 'बंद करा' असं लिहायचं नाही. गिऱ्हाइकाची माणसं ऑडिटला येतात तेव्हा फाइल चाळतात. तुम्ही 'बंद' लिहिलं की मला बंद ठेवावी लागते. 'पाहावे' लिहा. आम्ही पाहतो." एवढं साधं सांगणं. मी ते इतकं मनावर घेतलं की पुढच्या चार वर्षांत आमच्या फाइलमध्ये एकही मशीन धड बिघडलं नाही. सगळी नुसती 'कुरकुरत' होती.

माझी ही कला इस्टेटभर माहीत झालेली. कोणाला गावी आठ दिवस रजा हवी असली की तो कागद माझ्याकडे. समोरच्या गाळ्यातला माणूस घरमालकाला लिहायचं पत्र घेऊन यायचा. मी चष्मा लावायचे, त्याचं रागाने लिहिलेलं सगळं खोडायचे आणि वर 'आपले आजवरचे सहकार्य' बसवायचे. लोक चहा पाजायचे. मला वाटायचं, बाई, काय जिंकलंस तू.

त्या सोमवारी दहाच्या चहाला तीन नंबरचे भाऊ खिडकीशी आले. सगळेच त्यांना भाऊ म्हणायचे. पन्नाशीचे, कल्याण-शीळ रस्त्याला लागून असलेल्या गावातले मूळचे. भावकीतल्यांनी जमिनी विकून इमारती उठवल्या, हे मात्र एकोणीस वर्षं ह्याच शॉपमध्ये प्रेसवर. दहाच्या दहा बोटं शाबूत. प्रेसवर एकोणीस वर्षं काढलेल्या माणसाची सगळी बोटं जागेवर असणं ही साधी गोष्ट नाही, हे मला खालच्यांनीच सांगितलेलं.

"मॅडम, तीन नंबर डबल मारते," ते म्हणाले. "सकालपासून दोनदा मारला. आज बंद करा तिला."

डबल मारणं म्हणजे काय ते मला माहीत होतं. पायडल एकदा दाबलं की वरचा घण एकदा खाली येतो, पत्रा कापतो आणि वर जाऊन थांबतो. मग माणूस हात घालून तयार पीस काढतो आणि नवा पत्रा ठेवतो. प्रेस डबल मारते म्हणजे घण थांबतच नाही, पायडल न दाबता आपसूक पुन्हा खाली येतो. नेमका तेव्हाच माणसाचा हात आत असतो.

"अजून किती दिवस चालेल?" मी विचारलं. मूर्खासारखंच विचारलं.

"चालंल की. कोनाचा तरी हात जाईपरत चालंल."

ते गेले. मी पेन उचललं. आता सोमवार होता आणि शनिवारी गिऱ्हाइकाचं ऑडिट. साहेब घोडबंदरहून यायचे, त्या दिवशी माजिवड्याला तासभर अडकलेले, आल्या आल्या शिपायावर ओरडलेले. मी विचार केला, आत्ता ह्यांच्या तोंडाला कोण लागणार? आणि स्लिपवर लिहिलं, "तीन नंबर प्रेसच्या कामात किंचित अनियमितता जाणवते. सवड मिळाल्यास पाहावी ही नम्र विनंती. उत्पादनात खंड पडू नये याची काळजी घेत आहोत."

किंचित अनियमितता! मला तो शब्द सुचल्याचा आनंद झालेला, आजही आठवतो. ग्रुपवर टाकलं. साहेबांनी जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. कोणी चिडलं नाही, म्हणजे माझ्या लेखी काम फत्ते.

मंगळवारी काहीच झालं नाही. भाऊंनी येऊन विचारलं, मी म्हटलं, "टाकलंय मी, बघतील." बुधवारी सकाळी ते पुन्हा आले. खिडकीशी नुसते उभे राहिले. मला ओशाळल्यासारखं झालं. मी त्यांच्यासमोरच ग्रुपवर लिहिलं, "तीन नंबरबद्दल, फक्त आठवणीसाठी." आणि ते जरा टोचेल असं वाटून पुढे जोडलं, "घाई नाही."

ह्याला काय म्हणावं? ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्या बायका पाहिल्यात मी. पण भांडं लपवून वर 'आम्हाला ताक आवडतच नाही' म्हणणारी मी एकटीच असेन.

त्या दिवसापासून माझे कान खाली लागले. आठ प्रेसच्या गोंगाटातही रोज बसणाऱ्याला एकेकीचा आवाज कळतो. तीन नंबरचा ठोका जड, भरीव. धड्... मग चार-पाच सेकंद... मग धड्. मी चलन टाइप करायचे आणि मनात तिचे ठोके मोजायचे. एक ठोका पडला की पुढचा पडेपर्यंत माझी बोटं की-बोर्डवर थांबायची. त्याच दुपारी तीनच्या सुमाराला धड् झालं आणि लगेच, अगदी श्वास घ्यायच्या आत, दुसरं धड्.

मी गॅलरीत धावले. भाऊ स्टुलावरून उठून दोन पावलं मागे उभे होते, दोन्ही हात छातीशी धरून. त्यांनी वर पाहिलं आणि हात उघडून दाखवले. सगळी बोटं होती. मग हाताने लिहिल्याची खूण केली, की आता तरी लिवा नीट.

ह्या वेळी मी लिहिलं नाही, सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेब फोनवर होते, पलीकडून गिऱ्हाईक ओरडत असावं, कारण हे सारखे "येस सर, येस सर" करत होते. त्यांनी मला हाताने थांबवलं. मी पाच-सात मिनिटं उभी. खालून तीन नंबर पुन्हा सुरू झाल्याचं ऐकू येत होतं. काय बोलायचं ते मी ठरवून गेलेले, अगदी पाठ केलेलं. फोन ठेवून त्यांनी कपाळ चोळलं आणि माझ्याकडे पाहिलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "सर, ते तीन नंबरचं... जमलं तर..."

"ऑडिट होऊ दे मॅडम. सोमवारी बघू."

"हो सर. काही हरकत नाही."

काही हरकत नाही म्हणाले मी. जसा काही हात माझा होता! त्या रात्री घरी मी भांडी आपटली, नवऱ्यावर डाफरले, आणि त्याने कारण विचारलं तर "डोकं दुखतंय" म्हटलं. लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

गुरुवारी दहा वाजायच्या आत तीन नंबरचा ठोका थांबला. मी खुर्चीवरून अर्धी उठले. पण ओरडा नव्हता, पळापळ नव्हती. भाऊंनी स्विच काढला होता, हात पुसले होते आणि सुपरवायझरला सांगितलं होतं, मी हिच्यावर बसत नाय, दुसरी कुठलीही प्रेस द्या. सुपरवायझर वर आला. पाच मिनिटांत साहेबांच्या केबिनमध्ये आम्ही चौघं.

साहेब ओरडले नाहीत. त्यांनी फाइल उघडली. "ऑडिटला दोन दिवस आहेत आणि तुम्ही काम नाकारता? इतका धोका होता तर कळवायचं होतं."

"सोमवारपासून सांगतोय साहेब. मॅडमना सांगितलं, आज बंद करा."

साहेबांनी फाइल त्यांच्याकडे फिरवली. "हे बघा तुमचं सांगणं. किंचित अनियमितता. सवड मिळाल्यास पाहावी. आणि काल ग्रुपवर, घाई नाही." मग माझ्याकडे वळले. "मॅडम, हे 'आज बंद करा' म्हणाले होते का तुम्हाला?"

एका 'हो'चं काम होतं. मूलसुद्धा म्हणालं असतं. मी म्हणाले, "म्हणजे सर... त्यांचं साधारण म्हणणं असं होतं की... एकदा बघून घेतलं तर बरं."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. चिडले असते तर परवडलं असतं. त्यांनी नुसतं पाहिलं आणि मान वळवून खिडकीबाहेर बघत राहिले.

साहेबांनी त्यांना गेटजवळ बसायला सांगितलं. ते गेल्यावर मला म्हणाले, "पत्र करा. उद्यापासून कामावर येऊ नये. भाऊ कॉन्ट्रॅक्टवर आहेत, तसा प्रश्न नाही, पण पुढे भानगड नको. तुमच्या पद्धतीने लिहा. गोड. त्यांना वाईट वाटायला नको."

मी जागेवर येऊन बसले आणि लिहायला लागले. हो, लागले लिहायला! "आपण गेली एकोणीस वर्षे दिलेल्या सेवेबद्दल आम्ही आपले मनःपूर्वक ऋणी आहोत." बोटं आपोआप चालत होती. "बदलत्या परिस्थितीत आपल्या सोयीचा विचार करून..." इथे मी थांबले. त्यांची सोय? पन्नाशीच्या माणसाला दहा बोटं सांभाळल्याबद्दल घरी बसवायचं आणि वर त्यांची सोय?

तेवढ्यात खालून ठोका आला. धड्.

तीन नंबर सुरू झालेली. मी गॅलरीतून पाहिलं, तर सुपरवायझरने पॅकिंगमधल्या एका बाईला स्टुलावर बसवलेलं. ती घाबरून अंग चोरून बसलेली, एकेक पत्रा ठेवत होती आणि दर वेळी तिचा बांगड्यांचा हात मनगटापर्यंत आत जात होता.

जिना मी कसा उतरले मला आठवत नाही. माझा आवाज आठवतो, कारण तो घरचा होता. "ऊठ! ऊठ आधी तिथून!" ती बाई दचकून उठली. आजूबाजूच्या प्रेस थांबल्या. सुपरवायझर मध्ये आला, त्याला म्हटलं, "तू बाजूला हो, नाहीतर तुलाच बसवीन." साहेब गॅलरीत आले, मग खाली आले. गेटजवळचे भाऊही दारापर्यंत आलेले.

"मॅडम, काय चाललंय? आवाज खाली."

"नाही होणार खाली," मी म्हणाले. आता तोंड थांबेना. "सर, मघाशी केबिनमध्ये मी खोटं बोलले. ह्यांनी सोमवारी मला सांगितलेलं, तीन नंबर डबल मारते, आज बंद करा, हात जाईल. ह्याच शब्दांत. 'किंचित' माझं, 'सवड' माझी, 'घाई नाही' पण माझंच. तुम्हाला राग येऊ नये म्हणून लिहिलं मी. काल दुपारी हिने डबल मारलेलं मी ह्या कानांनी ऐकलंय. ह्यांना काढायचं तर आधी मला काढा."

साहेबांचा चेहरा लाल झाला. ते हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, सुपरवायझरने काल शिफ्ट सुटल्यावर पन्नास पीस काढून बघितलेत. मशीनला काही झालेलं नाही."

"मग तुम्ही बसा ना सर. दहा पीस काढा. दहाच."

मी हे बोलले आणि माझीच पाचावर धारण बसली. गेली नोकरी, मला वाटलं. साहेबांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. तीसेक माणसं बघत होती, आता मागे फिरायचं कसं? त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या, स्टूल पुढे ओढला आणि बसले. पाय पायडलजवळ नेला. पत्रा उचलला. हात घणाखाली न्यायला लागले, आणि तिथेच, वीतभर अलीकडे, हात थांबला.

"चिमटा कुठाय?" त्यांनी विचारलं.

लांब दांड्याचे चिमटे आमच्याकडे होते. खांबावर लाल बोर्डाखाली ओळीने टांगलेले, नवेकोरे. हात आत घालू नये, पत्रा चिमट्याने ठेवावा, असा नियमच आहे, आणि ऑडिटवाल्यांना आम्ही तो बोर्ड हौसेने दाखवतो. पण चिमट्याने धरून ठेवायचं तर तासाला निम्मेच पीस निघतात. म्हणून ते कोणी खाली काढत नाही आणि काढा म्हणून कोणी सांगतही नाही. सुपरवायझर खांबाकडे पळाला.

दारातून भाऊ म्हणाले, "साहेब, चिमट्यानी टार्गेट होत नाय."

टोमणा नव्हता त्यात. नव्या माणसाला काम शिकवताना सांगतात तसं सांगितलं त्यांनी. साहेब पत्रा हातात धरून तसेच बसून राहिले. मग त्यांनी पाय मागे घेतला, पत्रा खाली ठेवला आणि उठले. "मेन स्विच काढा हिचा," सुपरवायझरला म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता जिना चढून गेले.

संध्याकाळपर्यंत मेंटेनन्सवाल्याने तीन नंबर उघडली. घण सोडणारी-थांबवणारी क्लचमधली चावी झिजून गुळगुळीत झालेली. त्याने ती तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवली. शनिवारचं ऑडिट सात प्रेसवर झालं आणि आठवीबद्दल कोणी विचारलंसुद्धा नाही. पत्राबद्दल साहेब पुन्हा बोलले नाहीत. भाऊंना त्याच दुपारी पाच नंबरवर बसवलं. मला काढलं नाही, पण त्यानंतर साहेबांनी माझ्या लिहिण्याचं कौतुकही कधी केलं नाही. ते गेलं तर गेलं.

त्याच गुरुवारी शिफ्ट सुटताना मी भाऊंना नळावर गाठलं. ते कपडे धुवायच्या पावडरीने कोपरापर्यंत हात चोळत होते, तेलाचे डाग काढत होते. दिवसभर मनाशी घोळवलेलं मी बोलायला लागले, की भाऊ, माझी परिस्थिती तुम्ही समजून घ्या, मला तसं म्हणायचं नव्हतं, मी आपलं सगळ्यांच्या भल्यासाठी... पुन्हा तेच सुरू झालेलं माझं. मग मी सगळं टाकून दिलं आणि म्हणाले, "चुकले मी. तुमचा हात गेला असता माझ्यामुळे."

त्यांनी नळ बंद केला. हात झटकले. एकेक बोट फडक्याने पुसलं.

"मी तुमाला सोपाच सांगितलं व्हतं, मॅडम," ते म्हणाले.

ते डबा घेऊन गेटकडे गेले.